तिला हरायची सोय नव्हती

यंदा मंडईला आमच्या घरी सतरा पानं उठली. झाडीपट्टीबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, भाऊबीज झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई, बहिणी-भाटवे, सगळा गोतावळा जमतो. दिवसा दंडार, रात्रभर नाटक. नवेगाव बांधच्या माणसाला वर्षभर कोणी विचारलं नाही तरी चालतं, पण मंडईला घर भरलेलं हवं.

तर ह्या भरलेल्या घरात नागपूरहून माझी नात आली, ती डाव्या डोळ्याखाली निळाकाळा डाग घेऊन. ती तिथे कॉलेजात शिकते आणि दोन वर्षांपासून संध्याकाळी एमएमए शिकते. मिक्स्ड मार्शल आर्ट्स. मला तिनं समजावलं ते एवढं की ठोसे, लाथा, कुस्तीची पकड, ज्युदोची फेक आणि जमिनीवर पडल्यावर एकमेकांचे हातपाय अडकवणं, हे सगळं एकाच खेळात चालतं. भोवती जाळीचं कुंपण असतं म्हणून लोक त्याला पिंजरा म्हणतात. हौशी गटात तिची पहिलीच लढत होती. तीन फेऱ्या झाल्या आणि पोरगी गुणांवर हरली.

आता घरातली चर्चा ऐका. "लग्नाच्या वक्ताला फोटो कसा काढाल?" हे एक. "काहून मार खाते बाप्पा, बॅडमिंटन काय वाईट आहे?" हे दुसरं. "डाग राहीन काय?" हे तर प्रत्येकीनं विचारलं. मी गुपचूप ऐकत होतो. ठोसा डोक्याला बसतो, आत मेंदू असतो, त्याला काही झालं का, हे सतरा माणसांपैकी एकानंही विचारलं नाही. चिंता सगळी तोंडाची. (मी विचारलं. डॉक्टरांना दाखवलं होतं, ठीक आहे.)

पण ह्या मंडळींशी माझं भांडण नाही. ती उघड विरोधात आहेत आणि दोन वर्षांत सवयीनं गप्प बसतील. माझं भांडण आहे आमच्या एका सुशिक्षित, समजूतदार जावयांशी. नाव घेत नाही, ते हे वाचतातच. ते म्हणाले, "खेळू द्या की हो तिला. आपण काही जुन्या विचारांचे नाही. पण मेडल आणलं पाहिजे. हरायलाच जायचं तर कशाला?" आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. नातीनंही मान खाली घातली. मला तिथेच बोलायचं होतं, पण नाटकाची घंटा झाली नि मंडळी सतरंज्या घेऊन निघाली. म्हणून आज लिहितो. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

जावईबापूंना उत्तर द्यायला मला एका बाईची गोष्ट सांगावी लागेल. हमीदा बानू तिचं नाव. ४ मे २०२४ रोजी गूगलनं आपल्या पानावर तिचं चित्र लावलं होतं, तेव्हा बऱ्याच जणांना ते नाव पहिल्यांदा कळलं. मलाही. शिक्षक म्हणून इतकी वर्षं गामा पैलवानाच्या गोष्टी पोरांना सांगितल्या, आणि ह्याच महाराष्ट्रात, कल्याणला, १९८६ पर्यंत एक बाई जिवंत होती जी पुरुष पैलवानांशी कुस्ती खेळून गेली होती, याचा मला पत्ता नव्हता. इंग्रजी माझं बेताचंच, बी.ए. मराठीतून केलेलं, तेव्हा बीबीसीवरचा तिच्याविषयीचा इंग्रजी लेख नातीनंच मला वाचून समजावला.

हमीदा उत्तर प्रदेशातली, पैलवानांच्या घरातली. मिर्झापूर की अलीगढ यावर दोन मतं दिसतात, पण वर्तमानपत्रं तिला अलीगढचीच म्हणत. सलाम पैलवान हा तिचा वस्ताद. तीस आणि चाळीसच्या दशकात ती आखाड्यात उतरू लागली. बायकांशी खेळायचं तर तेव्हा बायका होत्या कुठे? म्हणून पुरुषांशी.

१९४४ साली मुंबईत तिची गुंगा पैलवानाशी कुस्ती ठरली होती. बॉम्बे क्रॉनिकलच्या बातमीप्रमाणे सुमारे २०,००० माणूस जमला. ऐनवेळी गुंगानं जास्त पैसे आणि जास्त वेळ अशा मागण्या पुढे केल्या नि कुस्ती रद्द झाली. लोकांनी चिडून मैदानाची मोडतोड केली. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

फेब्रुवारी १९५४ मध्ये तिचं ते गाजलेलं आव्हान आलं. मला कुस्तीत हरवेल त्याच्याशी लग्न करीन. त्यानंतर एक पतियाळाचा आणि एक कलकत्त्याचा, अशा दोन पैलवानांना तिनं हरवलं आणि मे महिन्यात ती बडोद्याला आली. तिथे तिची चांगलीच जाहिरात झाली होती. खो-खोतले अर्जुन पुरस्कारविजेते सुधीर परब तेव्हा लहान होते, गाड्यांवरून फिरणाऱ्या त्या जाहिराती त्यांना म्हातारपणीही आठवत होत्या. तिची जोड आधी छोटे गामा पैलवानाशी ठरली होती. तो ऐनवेळी म्हणाला, मी बाईशी खेळत नाही. मग बाबा पैलवान पुढे आला आणि १ मिनिट ३४ सेकंदांत चितपट झाला. ही आपली शेवटची कुस्ती, असं त्यानं तिथेच जाहीर केलं म्हणे.

गोष्ट सांगणारे इथे टाळ्या घेतात. मीही पहिल्यांदा वाजवली. पण मग रात्री झोप येईना तेव्हा ह्या आव्हानाचा हिशोब मांडत बसलो. (सत्तरीनंतर झोप न येणं हाच आमचा मुख्य व्यवसाय असतो.)

पुरुष हरला तर काय होतं? कुस्ती हरतो. फार तर बाबा पैलवानासारखा लाजेनं लंगोट खुंटीला टांगतो. दोन दिवस गावात तोंड लपवतो, तिसऱ्या दिवशी शेतावर जातो. आणि ती हरली तर? ती त्या माणसाच्या घरी जाते. जन्मभर. पाठीला एकदा माती लागली की कुस्ती गेली, गाव गेलं, नाव गेलं, अंथरूण-पांघरूणही परक्याच्या हाती गेलं. दोघं एकाच मातीत उतरतात, पण एकानं डाव लावलाय तो इनामाचा आणि दुसरीनं आयुष्याचा. अशी अट तिची स्वतःची होती की तिकीट विकणाऱ्यांची, मला तर तिकीटवाल्यांचीच वाटते. पण कुणाचीही असो, त्या अटीवर ती आखाड्यात उतरली म्हणजे एकही कुस्ती हरायची तिला सोय नव्हती.

आता तिच्या आकड्यांकडे या. १९५४ पर्यंत आपण ३२० कुस्त्या केल्या आणि सगळ्या जिंकल्या, असा तिचा दावा होता. यावर लगेच शहाणी माणसं म्हणतात, शक्यच नाही, ठरवून केलेल्या असणार. नुरा कुस्ती! समोरच्याला आधी पैसे देऊन पाडलेला असणार. मीही म्हणतो, काही तशा असतीलच. मी तिचा वकील नाही. तिच्या कुस्त्या ज्या खेळांत लावल्या जात, तिथे खेळ किती आणि तमाशा किती हे कळायला मार्ग नव्हता. एकदा तर तिच्या कुस्तीनंतरची जोड एका लंगड्या आणि एका आंधळ्या पैलवानाची ठेवलेली होती. ही तिची जागा! लोकांच्या लेखी ती कुस्तीगीर नव्हतीच, अजबखान्यातली वस्तू होती.

पण मला सांगा, जिला एकदाही हरायची सोय नाही, ती ३२० पैकी ३२० च सांगणार ना? तुम्हीच तिला अशा कोपऱ्यात उभं केलंत की एक जरी हार कबूल केली तरी खेळ संपतो. आणि मग ती हरलेली नाही म्हणून तुम्हीच म्हणता की ती खोटी. गामा पैलवानाबद्दलही तो अजिंक्य होता असंच सांगतात. माझ्या चाळीस वर्षांच्या नोकरीत एकाही पोरानं, एकाही पालकानं मला विचारलं नाही की गुरुजी, पुरावा काय? दारासिंगाच्या फ्रीस्टाईल कुस्त्यांना मुंबईत गर्दी लोटायची. किंगकाँगशी त्याची झुंज खरी किती आणि रंगवलेली किती, यावर कोणी दगड फेकले? पुढे तो सिनेमात गेला, रामायणात हनुमान झाला, राज्यसभेतही जाऊन आला. आम्ही हात जोडले. जोडावेतच, माणूस मोठा होता. पण मग तोच दिलदारपणा हमीदाच्या वाट्याला थोडा तरी यायला हवा होता की नाही?

दगडांवरून आठवलं. आपल्या कोल्हापुरात, कुस्तीच्या पंढरीत, तिनं शोभासिंग पंजाबी नावाच्या पैलवानाला हरवलं तेव्हा लोकांनी हुर्यो उडवली आणि दगड मारले. पोलीस बोलवावे लागले. म्हणजे बघा, प्रतिस्पर्धी आला नाही तर मैदान मोडणार, ती जिंकली तर दगड, आणि हरली तर लग्न. चौथं काही होऊ शकतं का कुस्तीत? बरोबरी फक्त. तीही झाली असती तर ह्याच लोकांनी ठरवून केली म्हटलं असतं.

पुण्यात तिची रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली कुस्ती कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली. तिनं थेट मोरारजी देसाईंकडे तक्रार नेली. ते तेव्हा मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यांचं उत्तर असं, की बंदी बाई म्हणून घातलेली नाही, तिचे आयोजक तिच्यासमोर बनावट पैलवान उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून घातली आहे. उत्तर अगदी सरकारी आणि वरून न्याय्य. मी आयुष्यभर परीक्षा घेतल्या, म्हणून मला त्यातली फट दिसते. पर्यवेक्षकानं कॉपी करू दिली तर शिक्षा पर्यवेक्षकाला करतात की पोरीला परीक्षेलाच बसू देत नाहीत? आयोजक लबाड होते तर त्यांचा परवाना काढा, पंच सरकारी नेमा, समोर खरा पैलवान आणा आणि बघा तिची ताकद किती ते. हरली असती तर हरली असती! तेवढी एक खरी कुस्ती तिला मिळाली असती. पण खरे पैलवान म्हणत होते आम्ही बाईशी खेळत नाही, आणि सरकार म्हणत होतं तुझ्यापुढे खरे पैलवान नाहीत.

त्याच १९५४ साली मुंबईत तिनं रशियाच्या वेरा चिस्तिलिन हिला एका मिनिटाच्या आत हरवलं. तिला म्हणे रशियाची अस्वलीण म्हणत. आता युरोपात जाऊन खेळणार, असं हमीदानं जाहीर केलं. आणि इथे तिचं नाव वर्तमानपत्रांतून नाहीसं होतं. का, ते बऱ्याच वर्षांनी तिच्या नातवानं आणि ओळखीच्या एका शेजाऱ्यानं बीबीसीला सांगितलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सलाम पैलवानाला तिचं युरोपला जाणं मंजूर नव्हतं. त्यानं तिला इतकं मारलं की हाड मोडलं. हात मोडले असं नातू सांगतो, पाय मोडले असं शेजारी सांगतो. पुढे कित्येक वर्षं काठीशिवाय तिला नीट चालता येत नव्हतं.

३२० पुरुषांना जे जमलं नाही (तिचा आकडा खरा धरला तर) ते घरातल्या वस्तादानं केलं. ह्या कुस्तीला पंच नव्हता, तिकीट नव्हतं, आणि दगड मारायला कोल्हापूरकरही नव्हते.

नंतर ती कल्याणला राहिली. दोघांचा दुधाचा धंदा होता. सलाम अलीगढला परत गेल्यावरही ती तिथेच राहून दूध विकत होती, काही खोल्यांचं भाडं येत होतं. पैसे सरले तेव्हा घरी केलेले खाण्याचे पदार्थ रस्त्यावर बसून विकले. १९८६ ला गेली.

आणि आज आपण तिची आठवण कशी काढतो? माझ्याकडे व्हॉट्सॲपवर तिच्याबद्दलचे जे निरोप आले त्यांत दोनच गोष्टी होत्या. एक ते लग्नाचं आव्हान. दुसरा तिचा खुराक, साडेपाच लिटर दूध, पावणेतीन लिटर सूप, एक कोंबडी, किलोभर मटण, अर्धा किलो लोणी, सहा अंडी, दोन मोठे पाव, दोन ताटं बिर्याणी, आणि बदाम वेगळे. वजन १०८ किलो, उंची ५ फूट ३ इंच. खाली हसणारे चेहरे. एकानं तर लिहिलं, "लग्न केलं असतं तर नवरा दिवाळखोर झाला असता." हसा. पण तिचे डाव कोणते होते, पट काढायची की ढाक लावायची, हे त्यात कुठे होतं? सहा तास ती मेहनत करायची हे त्याच बातम्यांमध्ये आहे. ते कोणी पुढे पाठवलं नाही. अजबखान्यातून ती अजून बाहेर आलेली नाही.

आता नातीच्या खेळाकडे येतो. तिनं मला पूजा तोमरच्या लढती दाखवल्या. ही उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या बुढाण्याची मुलगी, वुशूची पाच वेळची राष्ट्रीय विजेती. ८ जून २०२४ ला अमेरिकेत लुइव्हिलला यूएफसीच्या पिंजऱ्यात लढत जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. ब्राझीलच्या रायान डॉस सांतोसला तिनं हरवलं, तेही तीनपैकी दोन पंचांच्या मतानं.

जावईबापू, हे तुमचं मेडल झालं. आता त्याच्या आधीचं ऐका. यूएफसीच्या आधी ती सिंगापूरच्या वन चॅम्पियनशिपमध्ये काही वर्षं खेळली आणि तिथे जिंकली त्याहून जास्त वेळा हरली. जानेवारी २०२० मध्ये बँकॉकला थायलंडच्या स्टॅम्प फेअरटेक्सनं तिला पहिल्याच फेरीत संपवलं. मुंबईकर मंडळींनी सुरू केलेल्या मॅट्रिक्स फाइट नाइटमध्ये ती विजेती झाली ती ह्या सगळ्या हारींनंतर. आणि लुइव्हिलनंतरही २२ मार्च २०२५ ला लंडनमध्ये आयर्लंडच्या शॉना बॅननं तिचा हात कोपरात अडकवून दुसऱ्या फेरीत हरवलंच. फोगट बहिणींमधली रितू कुस्ती सोडून २०१९ ला ह्या खेळात आली, डिसेंबर २०२१ ला मोठ्या स्पर्धेच्या अंतिम लढतीत पोचली आणि त्याच स्टॅम्पकडून हरली. ह्यांच्या घरच्यांनी पहिल्या हारीलाच "आता पुरे" म्हटलं असतं तर आपण आज ही नावं घेतली नसती.

ह्या खेळात एक गोष्ट मला फार आवडली. हात किंवा मान अडकली, सुटता येत नाही असं दिसलं, की समोरच्याच्या अंगावर किंवा जमिनीवर हातानं थापट्या मारायच्या. ह्याला टॅप म्हणतात. की पंच लगेच लढत थांबवतो आणि समोरच्यानं सोडायचंच. नातीला म्हटलं, हे तर मैदान सोडून पळाल्यासारखं. ती म्हणाली, "आबाजी, पहिल्या दिवशी आम्हाला ठोसा नाही शिकवला, टॅप करायला शिकवलं. ते नाही आलं तर हात मोडतो." मी हमीदाच्या मोडलेल्या हातांचा विचार करत बराच वेळ गप्प बसलो.

आता कोणी म्हणेल, मास्तर, तो काळ वेगळा होता. होता ना. पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ ला सुरू झाली. बायकांची पहिली महाराष्ट्र केसरी कधी झाली? मार्च २०२३, सांगली. मध्ये ६२ वर्षं! सांगलीची प्रतीक्षा बागडी पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, तिचं अभिनंदन सगळ्यांनी केलं. मला तिच्यासमोर हरलेली मुलगी जास्त लक्षात राहिली. वैष्णवी पाटील, कल्याणची. हो, तेच कल्याण जिथे हमीदा रस्त्यावर बसून विकत होती. ती अंतिम कुस्ती हरली, तिच्याशी कोणाचं लग्न लागलं नाही, कोणी तिचं हाड मोडलं नाही, ती घरी गेली नि परत तालमीत गेली. २०२५ ला जागतिक स्पर्धेसाठी ६५ किलो गटात भारतीय संघात तिची निवड झाली. बदल झाला असेल तर तो मला इथे दिसतो.

आता एक सांगायचं राहिलं. ते टाळून चालणार नाही, कारण माझ्या गावची जुनी मंडळी हे वाचतात आणि त्यांना आठवत असेल.

१९८३ की ८४ साली मी शाळेत खेळाचा तास घ्यायचो. त्या वर्षी पहिल्यांदा मुलींचा कबड्डीचा संघ तालुक्याला नेला. पोरी दणकट. आषाढात आयांबरोबर रोवणीला जायच्या, दिवसभर गुडघाभर चिखलात कमरेत वाकून. (ह्या वाकण्यानं बाईच्या शरीराला काही होतं का, अशी चिंता केलेला एकही माणूस मला पंचाहत्तर वर्षांत भेटलेला नाही. ती चिंता फक्त खेळाच्या वेळी उपटते.) तर पोरी पहिल्याच फेरीत हरल्या. हरल्या कारण त्यांनी मैदानाच्या मापाची आखणीच पहिल्यांदा पाहिली होती. पुढच्या वर्षी यादी करायची वेळ आली तेव्हा मी मुलींचा संघ पाठवला नाही. मला कोणी तसं सांगितलं नव्हतं, माझ्याच मनानं. खर्च वाचेल, सोबत बाई शिक्षिका नको शोधायला, आणि हरणारच तर कशाला, असं मला वाटलं. अगदी जावईबापूंचंच वाक्य! मुलांचा संघ त्याआधी पाच-सहा वर्षं ओळीनं पहिल्या फेरीत हरत होता. तो गेला.

त्यातली एक मुलगी, आता तिची नातवंडं शाळेत जातात, बऱ्याच वर्षांनी आठवडी बाजारात भेटली. कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. मला म्हणाली, "गुरुजी, आमी दुसऱ्या साली काऊन नाही गेलो हो?" रागानं नाही, सहज. जसं एखादं गणित तेव्हा समजलं नव्हतं ते आता विचारावं तसं. मी काहीतरी गुळमुळीत बोललो, बहुतेक एसटीचं. कोथिंबीर घेतली आणि निघालो. तिनं पैसे घेतले नाहीत.

तेव्हा जावईबापू, तुमच्यावर तुटून पडायचा मला फारसा अधिकार नाही. पण तुमचं वाक्य कुठे नेतं हे मी करून बसलो आहे म्हणून सांगतो. आमचे घरचे पोरगे रविवारी बांधाच्या मैदानावर क्रिकेट खेळतात. वीस वर्षं खेळताहेत, बाजूच्या गावाकडून हरतात, वर पैसे काढून मटण शिजवतात. मेडल कुठे आहे, असं तुम्ही त्यांना विचारलंत? मंडईच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः त्यांच्यात खेळलात आणि शून्यावर बाद झालात. मी पाहिलं. आम्ही तुम्हाला सासऱ्याच्या घरी जेवू घातलं की नाही?

डोक्याला बसणाऱ्या ठोशाची भीती मला आहे आणि ती खरी आहे. ह्या खेळानं मेंदूला इजा होऊ शकते, यावर डॉक्टर लोक बोलतात, मी ते उडवून लावणार नाही. नातीकडून कबूल करून घेतलंय की डोकं गरगरलं, उलटी झाली, की लढत नाही नि सरावही नाही, डॉक्टर सांगतील तितके दिवस. ती कधी व्यावसायिक गटात जायचं म्हणाली तर तेव्हा पुन्हा बसून बोलू, मी कदाचित नकोही म्हणेन. हे बोलणं मुलगा असता तरी मी असंच केलं असतं. पण "जिंक, मग खेळ" ही अट मी तिला घालणार नाही, आणि माझ्यादेखत कोणाला घालू देणार नाही.

तिची दुसरी लढत जानेवारीत आहे, नागपूरलाच. समोरची मुलगी तिच्याहून दोन वर्षांनी मोठी आणि चांगली म्हणतात. नातीला विचारलं, काय होईल? ती म्हणाली, "बहुतेक हरीन आबाजी, पण तीन फेऱ्या उभी राहीन." मी सकाळच्या एसटीनं जाणार आहे. जावईबापूंची एक जागा धरून ठेवतो. डबा घरचा असेल, आणि परत यायला उशीर झाला तर मुक्काम तुमच्याच घरी.